रॉकेलवरचं गार कपाट

४ एप्रिल १९४४
कपाट आलं! नांदेडच्या एका इंजिनिअरसाहेबांनी बदली झाली म्हणून विकलं. खाली रॉकेलचा दिवा जळतो, वर बर्फ होतो. अख्ख्या शिरड शहापुरात असं कपाट माझ्या एकट्याचं. बायको द्वारका म्हणाली, कंट्रोलचं रॉकेल दिव्याला पुरून न्हाई राहिलं, अन् तुमी हे काहून आणलं? सायन्स तिच्या डोक्यावरून जातं.

९ एप्रिल
कपाट फार पितं. महिन्याचं निम्मं रॉकेल गेलं. आजपासून इकॉनॉमी. कंदील बंद, जेवणं उजेडी. मुलगी शालू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, तिच्या खोलीतली चिमणी तरी राहू द्या, असं द्वारका म्हणाली. पोटातल्या लेकराला उजेड काय करायचा? चिमणी जमा केली. त्यातलं रॉकेल कपाटाला.

१५ एप्रिल
माझा स्वतःचा शोध. रांजणाला ओलं पोतं गुंडाळलं की पाणी गार होतं. मग कपाटाला का नाही? चारी बाजूंनी पोती बांधली. विहिरीचं पाणी आणून ती भिजवत राहण्याचं काम द्वारकेचं. रांजण रॉकेल मागत न्हाई, असं म्हणाली. उद्धट.

१६ एप्रिल
दिव्याला काजळी. बर्फ नाही. रॉकेल दुप्पट. पोती नीट भिजली नव्हती, दुसरं काय. द्वारकेला खडसावलं.

१७ एप्रिल
पोती काढली. कपाट सुरू. माझ्यामुळेच.

२३ एप्रिल
मोठा प्लॅन. पुढच्या महिन्यात तहसीलदारसाहेब गावात येणार. त्यांना बर्फाचं सरबत पाजायचं आणि रॉकेलचं स्पेशल परमिट मागायचं. म्हणजे कपाट स्वतःचा खर्च स्वतः काढणार. याला एफिशियन्सी म्हणतात! तोवर बर्फाला कुणी हात लावायचा नाही. कुलूप घातलं. जीव कासावीस होतो म्हणून शालूनं एक खडा मागितला. तिला पंखा दिला.

१ मे
तांड्यावरची सुईण पारुबाई शालूला बघून गेली. म्हणाली, दिस भरले, खोलीत कंदील पायजे. अंधारात माझा हात कसा चालंल? काहून पोरीचा जीव घेता? बाळंतपण दिवसाउजेडी उरकावं, असं मी तिला शांतपणे समजावलं.

४ मे
उद्या साहेब. आणि आज दिवेलागणीलाच शालूला कळा सुरू! इतकं सांगूनही. कपाटाखालचा दिवा द्या म्हणून द्वारका पाया पडली. दिवा काढला तर सकाळी साहेबांना कोमट पाणी पाजू? एका रात्रीचा प्रश्न आहे, धीर धरा म्हणालो. शेजारच्या संतरामनं गाडी जोडली आणि मायलेकी तांड्यावर गेल्या. पारुबाईकडे कंदील आहे म्हणे. आमच्या घरची लेक तांड्यावर बाळंत होणार, लोक काय म्हणतील याचा विचार नाही. बर्फ मात्र फर्स्टक्लास.

५ मे
साहेब आले. दोन पेले प्यायले. खूश! संधी साधून सांगितलं की मी इतका काटकसरी, घरात एकही दिवा लावत नाही. साहेबांनी तिथेच हुकूम लिहवला. ज्या घरात दिवाच लागत नाही, त्याला रॉकेल कशाला? माझा कोटा तांड्याला. कपाटाचं काय, असं विचारलं. सरबत झकास होतं, म्हणाले.

८ मे
कपाट विझलं. तात्पुरतं.

१७ मे
पारुबाई द्वारकेची लुगडी न्यायला आली. मुलगा झाला म्हणाली. लेकरू आडवं होतं, कंदील हाताशी होता म्हणून दोघं वाचली. शालू अजून उठून न्हाई राहिली. मी म्हणालो, आता झालं ना बराबर, घरी पाठव. ती लुगडी गाठोड्यात बांधत राहिली. बारसं कधी, विचारलं. काल झालं. व्याही आले होते, संतराम गेला होता, अर्धा गाव जेवला. मला कसं कुणी सांगितलं नाही? मी घरातच होतो. वाईट वाटलं. नाव काय ठेवलं, विचारलं. म्हणाली, तुमाला सांगू नको म्हणल्या.