एका वेळी एकच श्रोता

३ मार्च, सोमवार
जोडता येत नाही! तिकडे तिच्या घरी ताईच्या फोनवर सकाळपासून हे एकच वाक्य — 'सर्व्हरशी जोडता येत नाही'. इकडे माझ्या कपाटात तो सर्व्हर, माझा छोटा डबा, हिरवा दिवा लावून स्वस्थ बसलाय. निर्गुण ब्रह्मच — आहे म्हणतात, दर्शन नाही.

दोन वर्षं खपून जुन्या कॅसेटी त्यात उतरवल्या. ताईचं गाणं, तिच्या सोळाव्या वर्षापासूनचं. शुक्रवारी तिच्या गळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, बोलणं राहील. गाण्याची खात्री देत नाही. "मी कशी गायचे तेच आठवत नाही गं. एकदा ऐकू दे, मग खुशाल कापू देत." एक-दोन गाणी पाठवते म्हटलं, तर — "तू निवडू नकोस. मला सगळ्यात हिंडायचंय."

४ मार्च, मंगळवार
राउटर बंद-चालू. डबा बंद-चालू. ताईचा फोन बंद-चालू. दुपारी तासभर मीही बंद होते — उपयोग शून्य.

बाबा माझ्याकडेच असतात. जेवताना त्यांच्या कानावर घातलं, ताईला गाणी ऐकायचीत. "हं." संपलं! अकरा वर्षं तिच्याशी बोलत नाहीत. शिकवलं त्यांनी, आणि तिनं नोकरीपायी गाणं सोडलं. "गाणं सोडलंस, आता मलाही सोड," म्हणाले होते. हट्टात दोघं एकाच घराण्याची. ताट उचललं, खोलीत गेले, दार बंद.

५ मार्च, बुधवार
इंटरनेटवाला आला. वायर हलवली, मान हलवली. "काकू, लाइन ठणठणीत आहे. दोष तुमच्या आतलाच." सासूबाई वीस वर्षं हेच सांगत होत्या.

ताई उद्या दुपारी दवाखान्यात दाखल होणार. "राहू दे गं, नसेल नशिबात," म्हणाली. तिचं हे 'राहू दे' मला मुळीच आवडलं नाही.

६ मार्च, गुरुवार
सॉफ्टवेअरची सगळी सेटिंग्ज ओळ न ओळ वाचून काढली, एखाद्या सूत्रग्रंथासारखी. आणि सापडलं! 'एका वेळी श्रोते: १'. मीच भरलेलं. तेव्हा वाटलं होतं, या घरात माझ्याशिवाय ऐकणार कोण?

पण मी तर उतरवून झाल्यापासून काहीच लावलेलं नाही. मग ती एक जागा अडवून बसलंय कोण?

श्रोत्यांची यादी उघडली. श्रोता — बाबांचा टॅब. रोज सकाळी सहापासून रात्रीपर्यंत. फक्त ताईच्या कॅसेटी. पहिलीपासून शेवटचीपर्यंत, मग पुन्हा पहिली. आठ महिने!

बाबांच्या खोलीचं दार ढकललं. कानाला हेडफोन, डोळे मिटलेले, बोटं मांडीवर ताल धरून.
"बाबा, तुम्ही ऐकताय म्हणून ताईला ऐकता येत नाहीये."
हेडफोन काढला. एवढं कावरंबावरं झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.
"मी... पेपर वाचत होतो."

एकाचे दोन केले. ताईला फोन करून सगळं सांगितलं. मग फोन ठेवलाच तिनं.

७ मार्च, शुक्रवार
ताईनं एकही कॅसेट ऐकली नाही. काल संध्याकाळी दवाखान्यातून तिनं बाबांनाच फोन लावला. मी बाबांच्या दाराबाहेर. "रडतेस काय? सा लाव. अंहं — पुन्हा." आणि फोनमधून, चिरकत, थांबत, ताई गात होती.