नीलच्या सातूसाठी गिरणी

अप्पर हट,
न्यूझीलंड, ९ फेब्रुवारी २०२५

चि. शिवास,
मधुताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वर 'श्री' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. नीलला जाऊन वर्ष व्हायचं आहे अजून. फोनवर आपण दोघं नुसतेच रडतो आणि रमण माझ्या हातातून फोन काढून घेतात, म्हणून आता कागदावर लिहायचं ठरवलं आहे. पोस्टाला महिना लागतो. पानाचा फोटो काढून पाठवते, तूही तसंच कर. तुझं अक्षर अजून मुंग्यांची रांग असेल तर नितीशकडून लिहून घे. बापाची गिरणी सांभाळतो तसं बापाचं पत्रही सांभाळेल तो.

आम्ही दोघं ठीक आहोत. इथे उन्हाळा आहे, टोमॅटो लागलेत. गेल्या आठवड्यात नीलच्या फ्लॅटमधून आणलेली खोकी शेवटी उघडली. इतके दिवस गराजमध्ये तशीच होती. जुलैच्या त्या सकाळी घाटात बर्फावरून गाडी घसरली नसती, तर गेल्या महिन्यात तो तीस वर्षांचा झाला असता.

खोक्यांमागे एक पोतं निघालं, शिवून बंद केलेलं, पंचवीस किलोचं. मोड आणून वाळवलेला सातू. बीअरसाठी. मी एक दाणा तोंडात टाकला आणि खालीच बसले. आई नाचणीला मोड आणून सत्त्व करायची ना, तीच चव. सहा महिन्यांचा असताना नीलला मी तेच भरवलं होतं.

पोत्यावर त्याची वही होती. आत तीन गिरण्यांची चित्रं चिकटवलेली. एक लोखंडी पाट्यांची, हाताने फिरवायची, आपल्या जात्यासारखी. एक दोन रोलरची, एक तीन रोलरची. तिघींपुढे प्रश्नचिन्ह. ती वही मी आधी पाहिली होती, शिवा. गेल्या जूनमध्ये तो रविवारी आला आणि हीच पानं माझ्यापुढे पसरून विचारू लागला, की आई, तू गिरणीवाल्याची मुलगी, यातली कुठली घेऊ सांग. मी म्हटलं, माझ्या जेवणाच्या टेबलावर दारूची चर्चा नको. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मदर बोलायच्या तशा स्वरात म्हटलं. त्याने वही मिटली, इथली पोरं 'चालेल'ऐवजी म्हणतात तसं स्वीट ॲज, आई, म्हणाला आणि बागेत गेला. त्यानंतर हा विषय आमच्यात निघाला नाही.

आता मला ती बीअर करायची आहे. १२ जुलैला त्याचे मित्र येतील, त्यांच्यासाठी. आरव म्हणून एक आहे, नीलबरोबर करायचा, तो शिकवणार आहे. हा दाणा अख्खा असला तर वर्षभर टिकतो, म्हणजे जूनच्या आत फोडायला हवा. तेव्हा तू सांग, तिघींतली कुठली घेऊ? तू बारच्या सावलीतही उभा राहत नाहीस हे ठाऊक आहे मला. तरी विचारते.

तुझी माया आहे तशीच राहो.
तुझी,
मधुताई

*

देवळाली कॅम्प,
१६ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,
शिवाजीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मुंग्यांची रांग माझीच आहे, चष्मा लावून वाच. मी बरा आहे, गुडघा सोडून. चक्कीच्या दगडांना नुकतीच टाकी लावून घेतली, पीठ मऊ पडतंय.

तू विचारलंस म्हणून लिहितो, मनापासून नाही. काकांनी पहिली गिरणी दारूत कशी घालवली ते आपण दोघांनी पाहिलं आहे. तू तेव्हा युनिफॉर्म घालून शाळेत जायचीस. मी दारात उभा राहून मशीन गाडीवर चढताना पाहिली. त्यामुळे हा विषय मला सोसत नाही. पण तुझं मन मोडवत नाही.

रोलर-बिलर काही घेऊ नकोस. रोलर उसाच्या रसाला लागतात. तुमच्याकडे ऑकलंडहून मागवलेली घरघंटी आहे ना? तिला सगळ्यात मोठ्या भोकांची जाळी लाव आणि लापशीसारखी भरड काढ. दाणा तो दाणा. चाळीस वर्षं हेच करतोय.

भावोजींना नमस्कार. तू वेळेवर जेवत जा. लहान भावावर राग धरू नकोस, एवढंच मागणं.
तुझा,
शिवा

*

अप्पर हट,
१० मार्च २०२५

चि. शिवास,
अ. उ. आ.

तू सांगितलंस तसं केलं आणि सगळं वाया गेलं.

शनिवारी पाच किलो सातू घरघंटीत घातला, मोठ्या जाळीने. भरड छान दिसत होती, मी तर खूश झाले. मग आरवने सांगितल्याप्रमाणे गरम पाण्यात तासभर भिजवून ठेवली. त्या पाण्यात दाण्याची गोडी उतरते आणि तेच पाणी खालच्या तोटीतून काढून उकळायचं असतं. तोटी उघडली, तर थेंब नाही. झाकण काढून पाहिलं, आत नुसती खळ. पुस्तकं चिकटवता आली असती. रमण कधी नव्हे ते पुढे झाले, डावाने ढवळलं, गाळणीतून पिळायला गेले, हात भाजून घेतला. आरव आला, भांड्यात डोकावला आणि हळूच म्हणाला की आंटी, नथिंग टू बी डन, साल पार चुरा झालंय. साल अख्खं राहिलं तर तेच गाळणीचं काम करतं. आत दाणा फुटायला हवा, वर साल शाबूत हवं. पोराला मराठी सगळं कळतं, पण बोलतो इंग्रजीत. मी रडायला लागल्यावर मात्र राहू दे राहू दे म्हणाला.

पाच किलो कंपोस्टमध्ये गेले. नीलने स्वतः विकत आणलेले दाणे आहेत ते, शिवा. ते पुन्हा मिळायचे नाहीत. घरभर त्याच्या फ्लॅटसारखा वास येत होता आणि मी खिडक्या उघडू दिल्या नाहीत.

चाळीस वर्षं दळतोस आणि सालाचं तुला सुचलं नाही? की सुचवायचं नव्हतं? हे लिहू नये असं वाटतंय, पण खोडत नाही.

रागातही तुझीच,
मधुताई

*

देवळाली कॅम्प,
३० मार्च २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला वीस दिवस लागले. कारण लिहितो. आधी सगळं वाच, मग काय बोलायचं ते बोल.

नीलने मलाही विचारलं होतं. त्याच जूनमध्ये, त्याच रविवारी. फोन केला आणि म्हणाला, मामा, आईने हाकललं, आता तूच सांग, कुठली गिरणी घेऊ. मी म्हणालो, दारूसाठी दळायला मामाच सापडला का? आणि फोन ठेवला. असाच, धाडकन. अर्ध्या तासाने त्याचा मोबाइलवर मेसेज आला, बोललेला, चार मिनिटांचा. मी उघडला नाही. म्हटलं, दिवाळीला येईल तेव्हा कान पिळीन आणि मग ऐकेन. जुलैनंतर तर उघडायची छाती झाली नाही. तुला बरोबर गिरणी सांगायची, तर आधी तो मेसेज ऐकावा लागला असता, म्हणून मी घरघंटी सांगून मोकळा झालो. तू विचारतेस, सुचवायचं नव्हतं का. त्याचं खरं उत्तर हे आहे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी गिरणी बंद केली, नितीशला जेवायला पाठवलं आणि ऐकला. मग पाटीवर लिहून घेतला. तो म्हणतो, सॉरी मामा, तुला काकाआजोबांची आठवण होत असणार, माझ्या लक्षात आलं नाही. मी प्यायला म्हणून नाही रे करत, मला करायला आवडतं, तुला दळायला आवडतं तसंच. मग सांगतो की पाट्यांची दाणा रगडते, साल फाडते, ती नको. तीन रोलरची हीप्स, म्हणजे खूपच, भारी आहे, पण माझ्यासारख्या एकट्याला कशाला. दोन रोलरचीच घेतो, तिच्यात दोघांमधली फट आपल्याला ठरवता येते. आणि मग मला एक प्रश्न विचारतो. म्हणतो, आजोबा दळायच्या आधी गव्हाला पाण्याचा हात लावायचे असं आई सांगते. तसा सातूला लावला तर साल चिवट होईल आणि तुटणार नाही, असं मी वाचलंय. पाणी किती आणि किती वेळ ठेवायचं, ते तूच सांगू शकतोस. इथे कोणाला माहीत नाही.

ताई, नऊ महिने तो प्रश्न माझ्या खिशात पडून होता.

मग मी बाजारातून दोन किलो सातू आणला. भिजवला, मोड आणले, गच्चीवर वाळवला. शेजारच्या लीलावहिनी विचारत होत्या, कुणाच्या घरी बाळ झालं, सत्त्व करताय ते. मी मान हलवली. नाशिक रोडला पोह्याची गिरणी आहे, तिथे रोलरखाली घालून पाहिला. कोरडा घातला तर सालाचे तुकडे. पाण्याचा हात लावून लगेच घातला तर दाणे रोलरला चिकटले. पाच किलोला अर्धी वाटी पाणी, शिंपडत, खालीवर करत, मग झाकून पंधरा मिनिटं. हाताला पाणी लागता कामा नये, पण साल चामड्यासारखं वाटलं पाहिजे. मग दाणा आत फुटतो आणि साल अख्खं बाहेर पडतं. हे नीलला सांग, असं लिहिणार होतो.

मेसेज तुझ्या फोनवर पाठवायला सांगितला आहे नितीशला. शेवटचं थोडं मी लिहून घेतलेलं नाही. ते तुझ्याबद्दल आहे, ते तूच ऐक.

माझ्यावर माया राहील की नाही, ते आता तुझ्या हातात आहे.
शिवा

*

अप्पर हट,
२५ मे २०२५

चि. शिवास,
अ. उ. आ.

दोन महिने लिहिलं नाही. पहिले पंधरा दिवस तुझा राग होता. मग लक्षात आलं की एकाच रविवारी एकाच मुलाला दोन दारांतून परत पाठवणारे आपण सख्खे बहीणभाऊ. तुझ्यावर रागवू तर स्वतःला कुठे ठेवू?

दोन रोलरची आणली. केवढी म्हणून सांगू, पोळपाटाएवढी. वर दाणे ओतायचं पत्र्याचं तोंड, बाजूला दांडा. रमणांनी जाड फळीवर चार स्क्रूंनी बसवून दिली. ते नीलबद्दल काही बोलत नाहीत हे तू जाणतोसच. पण ती फट बरोबर पडावी म्हणून दोन संध्याकाळी पट्टी घेऊन बसले होते.

काल दळलं. अर्धी वाटी पाणी, पंधरा मिनिटं. दांडा मीच फिरवला, कोणाला हात लावू दिला नाही. चक्कीसारखा आवाज नाही येत, शिवा. बारीक कुरकुर, पापड मोडल्यासारखी. खालच्या बादलीत हात घातला तर सालं अख्खी, पोकळ, आणि आतला दाणा फुटून पांढरा. तासाभराने आरवने तोटी उघडली आणि मधाच्या रंगाचं पाणी धारेने आलं. तो टाळी द्यायला हात पुढे करून उभा राहिला, आणि मला कळायला वेळ लागला की ती मला द्यायची आहे.

मेसेज अजून ऐकलेला नाही. वर्ष होऊ दे.

माया तशीच आहे, वेड्या. असं पुन्हा लिहू नकोस.
मधुताई

*

अप्पर हट,
१३ जुलै २०२५

चि. शिवास,
अ. उ. आ.

तिथीने वर्षश्राद्ध आधीच झालं. काल तारखेने मित्र आले, आरव आणि दोघं. मी पुरणपोळी केली होती आणि मध्ये ते काचेचे ग्लास. बीअरबरोबर पुरणपोळी कोणी खाल्ली नसेल. आरवने एक घोट घेतला आणि म्हणाला की जराशी पातळ आहे, नीलची जास्त चांगली असायची. खोटं बोलला नाही म्हणून मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग मी पण घेतली, आयुष्यात पहिल्यांदा. कडू. कारल्याच्या भाजीसारखी, मागून थोडी गोड. अर्धा ग्लास संपवला.

ते चारच्या सुमारास गेले. मी गराजमध्ये गेले, गिरणीशेजारी स्टुलावर बसले आणि मेसेज ऐकला.

तू लिहून घेतलेलं सगळं तसंच आहे. फक्त तू त्याचं हसणं लिहिलं नव्हतंस. मग शेवट आला. तो म्हणतो, मामा, आई चिडलीय, पण तू काळजी करू नकोस. तिचं मला माहितीय. आज नाही म्हणाली, तरी दोन दिवसांनी स्वतःच फोन करेल आणि विचारेल, कुठली घेतलीस रे. म्हणून मी अजून घेतलेली नाही. तिने विचारलं की घेईन.

त्यानंतर त्याच्याकडे सव्वीस दिवस होते, शिवा. मी मोजले. त्यात मी त्याला नऊदा फोन केला. आंघोळीनंतर केस पुसतोस ना विचारलं. हीटर लावतोस ना विचारलं. घाटातून जपून चालव म्हटलं. हे एक विचारलं नाही. तो प्रत्येक वेळी वाट बघत असेल का रे, की आता विचारेल?

मेसेज संपला तरी मी तो फोन कानालाच धरून बसले होते. मग फोन खाली ठेवला आणि मोठ्याने विचारलं. त्या रिकाम्या गराजमध्ये, जसं फोनवर विचारलं असतं तसं, कुठली घेतलीस रे, नील.

दारात रमण उभे होते. केव्हा आले मला कळलं नाही. वर्षभर ज्यांनी त्याचं नाव घेतलं नव्हतं, ते म्हणाले, दोन रोलरची घेतली, आई.

माझं जे काही उरलं आहे त्यावर तुझा हक्क आहे. लिहीत राहा.
तुझी,
मधुताई