आईच्या टेबलावरच्या आठ मॅट

१२ जानेवारी, सोमवार
आई आली. न कळवता. लवळ्याहून मालेपर्यंत दोन बस बदलून, पिशवी छातीशी धरून. पिशवीत दोन साड्या. एक वांगी रंगाची नारायणपेठ, एक मोतिया सिल्क. मोतियाची घडीसुद्धा मोडलेली नाही.
"टेबलावर ताटाखाली घालायच्या चटया शिवून दे. आठ. हॉटेलात असत्यात तशा, लई चांगल्या."
"आई, तुज्याकडं टेबल कुटंय?"
"येतंय."
जन्मभर पाटावर जेवलेली बाई! १० फेब्रुवारीला जेवण आहे म्हणाली. कसलं? "हाय एक." अर्धा चहा टाकून बस धरली.

१५ जाने., गुरुवार
चार ब्लाउज बाजूला ठेवून आईचं काम काढलं. साडी कापताना हात थांबला. शेवटी डोळे मिटून कात्री घातली. मधे मोतिया, चारी बाजूंनी वांगी काठ, आत कॅनव्हास. रेशीम भलतं निसटतं, टाचण्या लावूनसुद्धा. पहिल्याच मॅटचा कोपरा वाकडा, दोनदा उसवला.
फोन केला, आठच जण का? आईनं मोजून दाखवले. मी, हे, आमची लेक श्रावणी. माझा भाऊ सुनील आणि त्याची बायको रूपाली. आई. रघुनाथकाका आणि त्यांची लेक अर्चना.
रघुनाथकाका कशाला? कॉलेजच्या कँटीनचे आचारी. आईच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या पोरींना डबे देतात, एवढीच ओळख. "कशाला म्हंजे? जेवायला," म्हणाली नि फोन ठेवला.

१८ जाने., रविवार
लिहू की नको.
नमुन्याची एक मॅट घेऊन लवळ्याला गेले. पुढच्या खोलीत नवं टेबल. रघुनाथकाका खाली वाकून त्याचे स्क्रू आवळत होते. मला बघून उठले, "आलोच" म्हणून बाहेर गेले. चप्पल न घालता.
आईनं मॅट हातावर पसरली, काठावरून बोट फिरवलं. आणि वर न बघताच म्हणाली, "संगे, आमी लगीन करतोय. मी नि रघुनाथ. नोटीस दिलीया. धा तारखेला सह्या."
मला आधी कळलंच नाही. कुणाचं लग्न, असं विचारलं मी! दोनदा विचारलं. आई त्रेसष्ट वर्षांची आहे. अण्णांना जाऊन अकरा वर्षं झाली. भिंतीवर त्यांचा फोटो, ताजा हार घातलेला. त्याच्यासमोर हे बोलली.
"लोकं काय म्हणतील?"
"अकरा वर्सं येकली जेवतीया. तवा आली न्हाईत लोकं."
मॅट तिच्या हातातून ओढून घेतली. का ते माहीत नाही. पिरंगुटला आल्यावर लक्षात आलं, पर्स तिथंच राहिली आणि मॅट मुठीत आहे. कंडक्टरनं तिकीट मागितलं तर शेजारच्या बाईनं काढलं.

१९ जाने.
मशीन उघडली नाही.

२१ जाने., बुधवार
ह्यांना सांगितलं. उरवड्याच्या कंपनीतून रात्रपाळी करून नुकतेच आलेले, बूट काढत होते. वाटलं भडकतील. एक बूट हातात धरून बघत राहिले. मग, "चांगलं हाय की. मानूस भला हाय."
चांगलं हाय! सख्खा जावई म्हणतो! दिवसभर बोलले नाही त्यांच्याशी.

२४ जाने., शनिवार
सुनीलचा फोन. आईनं त्यालाही सांगितलं. तो जे बोलला ते इथं लिहिणार नाही. आपल्या आईबद्दल असे शब्द निघतात तोंडातून? लहानपणी तिच्या पदराला धरून झोपायचा हा.
मलाही झोडलं. "तू मॅटी शिवतीस? म्हंजे तुला ठाऊक होतं! द्यायच्या न्हाईत. पेटवून दे."
आणि मग: "घर कुनाच्या नावावर करनार हाय ती? इचारलंस का?"
नव्हतं विचारलं. सुचलंच नव्हतं. त्याला मात्र सुचलं. आई बरी आहे का, हे शेवटपर्यंत विचारलं नाही त्यानं.
मग आठवलं, मी तरी कुठं विचारलं?

२९ जाने., गुरुवार
दारात एक बाई. माझी पर्स घेऊन. अर्चना, रघुनाथकाकांची लेक. माझ्याच वयाची. पाणी दिलं, दुसरं काय करणार?
म्हणाली, "मीबी तीन दिवस बोलले नव्हते बाबांशी. लाज वाटली मला. पन ताई, श्रावनात तुमच्या आई ॲडमिट हुत्या तवा मी बघितलं त्यांना, बाबा कसं…"
मी म्हटलं, कोण ॲडमिट?
तिचा चेहरा उतरला. "तुमाला ठाऊक न्हाई?"
डेंग्यू. पाच दिवस दवाखान्यात. रघुनाथकाका बाकावर बसून, कँटीनला सुट्टी टाकून. आईनं त्यांना शपथ घातलेली, पोरांना कळवायचं नाही.
त्या पाच दिवसांत मी तिला फोन केलेले. नक्की केलेले. आवाज खोल गेलेला. "घसा बसलाय जरा," म्हणाली. मी माझ्या कंबरदुखीचं सांगत बसले. राख्यांच्या सुमाराला ब्लाउजांची किती गर्दी असते ते सांगत बसले. ती हूं हूं करत ऐकत होती. सलाईन लावलेलं असेल तेव्हा हाताला.
अर्चना गेल्यावर ओट्याला धरून उभी राहिले. दूध उतू गेलं, समोर.

१ फेब्रु., रविवार
लवळ्याला. आई मेथी निवडत होती. मीही समोर बसून निवडायला लागले.
"का न्हाई सांगितलंस?"
कशाबद्दल ते तिला कळलं. "तू धावत आली असतीस. दोन दिवस राहिली असतीस. मग जीव तिकडं, हात हिकडं. मला ते बघवत न्हाई."
"आनि हे लग्नाचं? आधी मॅटी शिवायला दिल्यास नि मग…"
"तोंड व्हईना गं. वाटलं तू खोदून इचारशील, मग सांगंन. तू इचारलंच न्हाईस."
मी रडले. ती नाही रडली. काका दारात येऊन परत फिरले. आई म्हणाली, "या की आत, घर काय वाघाचं हाय?" ते आले, मेथीच्या काड्या गोळा करून टाकायला नेल्या.
मला अजून त्यांना काय म्हणायचं ते ठरत नाही.

६ फेब्रु., शुक्रवार
सहा झाल्या. कोपरे आता नीट तिरके बसतात, इस्त्री मारली की कागदासारख्या सरळ. राहिल्या सुनील आणि रूपालीच्या. फोन उचलत नाही. रूपालीचा मेसेज, "ताई, मी काय करू सांगा." मी काय सांगू?
दोन्ही शिवल्या.

११ फेब्रु., बुधवार
काल लिहायला बसले नाही. आता लिहिते.
सह्या झाल्या. साक्षीदार मी, हे आणि अर्चना. साहेबांनी विचारलं, "आपण कोण?" मी म्हटलं, मुलगी. त्यांनी मान वर करून बघितलं.
घरी टेबलावर आठ मॅट मांडल्या. खिडकीतून ऊन आलं, मोतिया रेशीम असं उजळलं की श्रावणी हात लावेना. काकांनी स्वतः पुरणपोळी केलेली. वाढायला घेणार तोच अर्चना म्हणाली, फाटकापाशी गाडी उभी आहे.
सुनील. एकटा. काच वर, हात स्टिअरिंगवर. उतरेना. हे गेले, त्यानं काच खाली केली नाही. मी गेले. माझ्याकडं बघितलं, मान फिरवली. डोळे लाल होते.
आई उठली. अण्णांचा मुलगा आहे, हट्टी आहे, हे तिला कुणी सांगायला नको. त्याचं ताट पूर्ण वाढलं, पोळीवर तूप सोडलं. ताट गरम, म्हणून मॅटसकट उचललं. नव्या साडीत, डोक्यावर ऊन घेत फाटकापर्यंत चालत गेली. काच खाली आली. त्यानं ताट घेतलं! आम्ही सगळे खिडकीत. दोघं काही बोलले की नाही, इतक्या लांबून कळलं नाही.
आणि गाडी सुरू झाली. ताट आत, मॅट आत. गेला.
आई रस्त्याकडं तोंड करून उभी. मग आली, हात धुतले, खुर्चीवर बसली. "वाढा. गार व्हतंय."
जेवलो. रूपालीला फोन लावला, लागला नाही. आजही लागत नाही.
भांडी घासताना काका म्हणाले, "ताट द्यायला यील की."