रायपूरला राहिलेल्या निळ्या पेट्या

बाबा, तुमच्या निळ्या पेट्यांबद्दल तुमच्याशी सरळ बोलणं कधी झालं नाही. तुम्ही होता तेव्हा घरात त्यांचं नाव काढायची बंदी होती, आणि आता तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की बंदी घालणारंही कोणी उरलेलं नाही. मनीषनगरच्या या फ्लॅटमध्ये दुपारची मी एकटीच असते. आज लिहायला बसले आहे. आदरानं लिहीत नाही, हे आधीच सांगते. ‘तुम्ही’ म्हणते ते फक्त सवयीनं.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा अंबिया बहार, म्हणजे संत्र्यांचा हिवाळी हंगाम. नागपुरात सक्करदऱ्याच्या आपल्या घरामागच्या शेडमध्ये संत्री यायची, बाया ती निवडायच्या, भाताचं तणीस घालून पेट्यांत भरायच्या, आणि भरलेल्या पेट्या रेल्वेनं रायपूरच्या अडत्याकडे जायच्या. पेट्या बाकीच्यांसारख्याच होत्या. हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या, थोडे खिळे, आणि एकच प्रवास. माल उतरला की तिकडे त्यांचं सरपण व्हायचं आणि कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. तुम्हाला मात्र वाटायला लागलं. कुठल्याशा लग्नात एका परगावच्या व्यापाऱ्यानं तुम्हाला सांगितलं की त्याच्या पेट्या परत येतात आणि पुन्हा भरून जातात. त्या दिवसापासून शहरातले सगळे संत्रेवाले तुमच्या लेखी मूर्ख झाले. ‘दर खेपेले लाकडाची होळी करून राहिले लेकाचे,’ असं तुम्ही जेवताना म्हणायचात, आणि ताटावरून मान वर करून आम्ही हसतो की नाही ते पाहायचात. आम्ही हसायचो. न हसून कसं चाललं असतं?

मग तुम्ही मिस्त्रींना बोलावलं. आपल्या मागच्या गल्लीत राहायचे ते. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातले, बोलायला कमी, कामाला चोख. आई त्यांना आपल्याच कपात चहा द्यायची आणि तुम्ही त्या कपाकडे नंतर किती तरी वेळ पाहत बसायचात, ते मी बघितलं आहे. मिस्त्रींनी जाड फळ्यांच्या, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या मारलेल्या, कडी-कोयंड्याच्या झाकणाच्या पेट्या केल्या. तुम्ही त्यांना निळा रंग द्यायला लावला आणि प्रत्येकीवर आपलं आडनाव पांढऱ्या अक्षरांत काढून घेतलं. अंगणात त्यांची रास लागली तेव्हा तुम्ही आल्यागेल्याला हाताला धरून आत आणायचात.

मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एका संध्याकाळी, कोणी सांगितलं नव्हतं तरी, मी दोन्ही पेट्यांचा खर्च शेजारी-शेजारी मांडून पाहिला. एका निळ्या पेटीच्या किमतीत साध्या आठ पेट्या येत होत्या. त्यात रिकामी पेटी परत आणण्याचं भाडं, दुरुस्ती, आणि बहार नसताना ती वाळवीपासून जपून ठेवायची जागा. रायपूरला जाऊन परत यायला पेटीला तीन आठवडे लागणार, म्हणजे एका बहारात तीन-चारच खेपा, अंबिया आणि मृग दोन्ही मिळून वर्षाला सात-आठ. दोन वर्षं एकही पेटी हरवली नाही तर तुमची कल्पना फायद्याची होती. वाईट नव्हती, बाबा. फक्त सगळं त्या ‘हरवली नाही तर’वर होतं. मी तेवढंच म्हटलं, की अडत्याकडून आधी लिहून घ्या, नाहीतर तो पेट्या परत देणार नाही.

‘तुले कॉलेजात पाठवलं ते बापाचे हिशेब तपासायले काय वं?’

‘मी तपासून नाही राहिली, बाबा. विचारून राहिली.’

‘मंग विचारू नको. रायपूरवाला आपला माणूस आहे.’

पहिल्या खेपेच्या थोड्या पेट्या आल्या. दुसरीच्या त्याहून कमी. मग येईनातच. तुम्ही घरात गरजायचात, अडत्याला चोर म्हणायचात, आणि मला समोर बसवून हिंदीत पत्रं लिहून घ्यायचात. पत्रात मात्र तुम्ही सांगायचात तसं ‘कृपया’ आणि ‘आपकी सुविधा से’. शेवटी आपण दोघं रायपूरला निघालो. माझं हिंदी बरं होतं म्हणून मला नेलं असं तुम्ही लोकांना सांगितलंत. खरं म्हणजे गाडीत डबा उघडून वाढायला तुम्हाला कोणीतरी हवं होतं. डोंगरगड येईपर्यंत तुम्ही समोरच्या अनोळखी प्रवाशालासुद्धा सांगत होता की आज त्या माणसाची गाठ कोणाशी आहे ते त्याला कळेल.

अडत्याची गादी बाजाराच्या तोंडाशीच आहे. गोल चेहऱ्याचा, हसरा माणूस. तो उठून तुमचे दोन्ही हात धरतो, ‘आइए सेठजी, बैठिए’ म्हणतो आणि भिंतीकडे हात करतो. तिथे चादरी घातलेली बैठक आहे. आपण बसतो. माझ्या मांडीखाली काहीतरी टोचतं. मी चादरीचा कोपरा उचलून बघते, तर लोखंडी पट्टी आणि निळा रंग. तुमच्या बाजूची चादर आखूड आहे, तुमच्या पायांच्या मधून आपल्या आडनावाचं अर्धं अक्षर दिसतं आहे. तुम्ही खाली बघता. तुम्हाला ते दिसतं. मागच्या दारातून अंगण दिसतं, तिथे आपल्या पेट्या एकावर एक रचून त्यात त्याच्या घरच्यांनी गोवऱ्या भरल्या आहेत, आणि एकीत कोंबडी बसली आहे. चहा येतो. अडत्याला लपवायचं काही नाहीच. तो स्वतःच विषय काढतो.

‘पेटियाँ बड़ी मज़बूत बनवाई हैं आपने. बीस साल कुछ नहीं होगा इनको.’

मी तुमच्याकडे बघते. मला वाटतं, आता. तुम्ही बशीतला चहा संपवता, मिशा पुसता आणि हसता.

‘आप ही की हैं, सेठ.’

एवढंच. मग तुम्ही चहाची तारीफ करता, पुढच्या खेपेच्या भावाचं बोलता आणि निघताना त्याच्या मुलाच्या हातात दहाची नोट ठेवता.

आई पुढे म्हणायची की अडत्यानं माल घेणं बंद केलं असतं म्हणून तुम्ही गप्प बसलात. रायपुरात तो काय एकटाच अडत्या होता? आणि निम्म्या पेट्या मागता आल्या असत्या. हसत मागता आल्या असत्या. शेडमधल्या बाईनं एक फुटकं संत्रं पदरात बांधलं तर तिचा पदर सोडायला लावणारे तुम्ही. तिथे तुमचा आवाज बरोबर निघायचा.

परतीच्या गाडीत तुम्ही उरलेला डबा पुरता संपवलात. गोंदियाला म्हणालात, ‘मिस्त्रीनं लाकूड ओलं वापरलं असंन.’ मला वाटलं, तुम्हाला झोप आली आहे. भंडारा रोडला ती तुमची खात्री झाली होती, आणि नागपूरला उतरेपर्यंत तुम्हाला उकललेले कोपरे आणि वाकलेल्या फळ्या डोळ्यांसमोर दिसायला लागल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ते बाजारभर सांगत सुटलात. मिस्त्रींना ज्यांनी पेट्यांची, दारं-खिडक्यांची कामं दिली होती, त्यांनी ती काढून घेतली.

मिस्त्री घरी आले त्या सकाळी तुमच्या बैठकीत तीन-चार व्यापारी बसलेले होते. मिस्त्री दारातच उभे राहिले.

‘शेठ, लाकूड वाळलेलं होतं. तुम्ही सोता येऊन पाहिलं होतं.’

‘आन रायपूर मी सोता पाहून आलो,’ तुम्ही म्हणालात. ‘कोपरे उकलले तुह्ये. एक पेटी धड नाही.’

मी आतल्या दारात उभी होते. मला धाडस करायचं नव्हतं. तुमचा चेहरा इतका शांत होता की मला किळस आली, आणि त्या किळसेनंच मी बोलले.

‘पेट्या चांगल्या आहेत, बाबा. आपण त्याहीच्यावरच बसून चहा पेलो. अडत्यानं त्या ठेवून घेतल्या. तुम्हीच त्याले म्हटलं, आप ही की हैं.’

कोणीतरी खाकरलं. एका व्यापाऱ्यानं हसू दाबलं.

‘आत जा,’ तुम्ही म्हणालात.

‘जातो. पण मिस्त्रीचं नाव काहून घेता?’

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते तुमच्याशीच बोलले, हळू आवाजात. ‘परत मागाची हिंमत नव्हती तर तसं सांगाचं होतं, शेठ. मी चार पेट्या फुकट करून देल्या असत्या. माह्यं नाव खराब कराची काय गरज होती?’ आणि ते वळून गेले. तुम्ही पान लावायला घेतलंत. त्या व्यापाऱ्यांपैकी दोघांनी त्यांना पुन्हा कामं दिली, बाकीच्यांनी नाही. पुढे ते उमरेडला मुलीकडे राहायला गेले आणि तिथे विणकरांच्या हातमागांची दुरुस्ती करायचे, असं कानावर आलं. तुम्ही पुढच्या बहाराला पुन्हा पातळ फळ्यांच्या पेट्या आणल्यात. माझ्याशी मात्र तुम्ही माझं लग्न होईपर्यंत बोलला नाहीत. मी समोर बसलेली असताना आईला म्हणायचात, ‘तिले सांग, मीठ दे.’ आई सांगायची. मी मीठ द्यायची. हा सगळा पोरखेळ तुम्ही स्वाभिमान समजून करत होता.

लग्नानंतर मी एका औषध कारखान्याच्या गोदामात नोकरीला लागले. काही वर्षांनी तिथे प्लॅस्टिकच्या क्रेट आल्या आणि साहेबांनी मला पुठ्ठ्याच्या खोक्यांशी त्यांचा खर्च ताडून द्यायला सांगितलं. मी क्रेटच्या बाजूनं लिहिलं. आमची गाडी शहरातल्या दुकानांत माल टाकून संध्याकाळी परत यायची, आणि गाडीवरचा माणूस दुकानदाराला मागच्या वेळची क्रेट मागितल्याशिवाय नवी उतरवत नसे. दुकानदार कुरकुरायचे, मग आतून आणून द्यायचे. इतकं साधं होतं ते. चिडावं लागत नव्हतं, पाया पडावं लागत नव्हतं. मला त्या दिवसांत तुमचा फार राग यायचा. तुमची कल्पना खोटी असती तर मी तुम्हाला विसरले तरी असते. ती बरोबर होती, आणि एका वाक्याच्या धाडसापायी तुम्ही ती घालवली, वर एका चांगल्या माणसाची रोजी त्यात बुडवलीत.

हे कागद कुठे पाठवणार? नात शाळेतून यायच्या आत फाडून टाकीन. ती मला अधूनमधून विचारते, पणजोबा कसे होते. मी म्हणते, कडक होते. नातेवाईक, शेजारी, नवरा होता तेव्हा नवरा, सगळ्यांना मी आजवर हेच सांगत आले. खरा शब्द ‘भित्रे’ असा आहे, आणि तो मी आज पहिल्यांदा लिहिला. घरात कोणी नाही, म्हणून आत्ता तो मोठ्यानं म्हणून पाहावा म्हटलं. दोनदा तोंड उघडलं, बाबा. नाही म्हणता आला.