मोत्याला पाठवलं

टेंभुर्णी, गुरुवार, जानेवारी १९४४

आज डोळ्याची पट्टी सुटली. ऑपरेशनात डोळ्यामागची गाठ, पाण्याची पिशवीच ती, न फुटता आख्खी निघाली, म्हणून नजर वाचली, असं जालन्याचे डॉक्टर म्हणाले. मंग त्यांनी विचारलं, "मास्तर, घरात कुत्रं आहे का?" कुत्र्याच्या पोटातल्या जंतांमुळं अशी गाठ होते म्हणे.

मोत्या आठ वर्षं माझ्याच ताटातलं खायचा. बायको गेल्यावर घरात दुसरं होतं तरी कोण?

मी निरोप धाडल्यावर संध्याकाळी धाकटा भाऊ त्याला न्यायला आल्ता. म्हणाला, "दादा, मेंढरांमागं राहील. घरात येणार न्हाई."

"जल्दी ने," मी म्हणालो. का म्हणालो असं?

गाठ होती तेव्हा मला सगळं दोन-दोन दिसायचं. आज पांदीच्या वाटेवर एकच मोत्या दिसला, मागं वळून पाहत जाणारा.