गुडघ्याचं निमित्त

ती. अक्कास,

पारनेरहून धाकट्या सरोजिनीचा नमस्कार (वाकायची चोरी झालीय, म्हणून कागदावरच). तुझी शुगर काय म्हणते? दाजींचा खोकला गेला का? राहात्यात पेरूचा तोडा सुरू झाला असेल.

फोन सोडून पत्र लिहितेय, कारण आमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची रीत आहे, आणि हे काही अख्ख्या ओसरीला ऐकवण्याजोगं नाही. अगं, माझं अंग बाहेर येतंय. पिशवी खाली सरकलीय. शिंकायचीसुद्धा भीती वाटायला लागली, तेव्हा ह्यांना म्हटलं, दवाखान्यात चला. कशाला, म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, गुडघे! (इतक्या वर्षांचा संसार, पण नवऱ्यापुढे तो शब्द जिभेवर येईना. हसू नकोस, तूही दाजींना मूळव्याधच सांगितली असतीस.)

नगरला बायकांच्या दवाखान्यात गेलो. तिथं गुडघ्याचं काय काम, हे ह्यांना सुचलंच नाही. बायकांचे गुडघे बायकांच्याच दवाखान्यात बघत असतील, असं धरून बाहेर बाकावर पेपर वाचत बसले. आत डॉक्टरबाई म्हणाल्या, पिशवी खालूनच काढू आणि सैल झालेला भाग शिवून घेऊ, पोटावर टाका नाही. मग भिंगारच्या दुसऱ्या डॉक्टरबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, पिशवी चांगली आहे, काढता कशाला? दुर्बिणीतून जाळी लावून वर कण्याच्या हाडाला बांधू (शिंक्यात दह्याचं मडकं ठेवतात तशी). ऑपरेशनच नको असेल तर पिशवीच्या आधाराला आत रबरी कडी बसवायची. पण पुन्हा खाली येणारच नाही, असं छातीठोक कुणीच सांगेना.

इकडे ह्यांनी गुडघ्यांचा अभ्यास मांडलाय. शेजारचे वैजनाथराव गुडघे बदलून आलेत, त्यांना रोज चहाला बोलावतात, आणि ते माझ्यापुढे पायजमा वर करून टाक्यांचे व्रण दाखवतात. ह्यांचं मत, एकदाच काय ते काढून टाकावं. वैजनाथरावांचं मत, स्वतःचं आहे ते होईल तितकं टिकवावं. मी चहा गाळता गाळता गुडघ्याच्या जागी पिशवी घालून ऐकते. खरं सांगू, दोघं डॉक्टरांइतकंच नीट समजावतात!

मी काढायचंच ठरवलंय. पोरं झाली, नातवंडं झाली, आता तिच्याकडून काय हवंय? म्हणते खरी, पण काल आंघोळीला बसले, पोटावर हात ठेवला आणि एकदम रडूच फुटलं. आई हवी होती गं. तिला काही सांगावं लागलं नसतं. डॉक्टरबाई म्हणतात, महिना-दीड महिना बादलीसुद्धा उचलायची नाही. या घरात मी निजून राहिले तर ह्यांना साखरेचा डबा सापडायचा नाही, आणि सून बिचारी नोकरीवर. तुझी फार आठवण येते.

तुझी,
सरोजिनी

ता. क. मी मुळीच घाबरलेली नाही. पेरूचं काम टाकून तू यायचं नाहीस, सांगून ठेवते.

आणखी एक ता. क. येऊ नकोस, मला घेऊन जा. दोन्ही बाळंतपणांना आईनं बोलावणं धाडलं, तेव्हाच सासूबाईंनी पाठवलं. बाईनं आपल्या तोंडानं माहेरी जाते म्हणायची रीत आपल्यात नाही, आणि आता माझं माहेर म्हणजे तूच. तेव्हा ह्यांना फोन कर आणि ठणकावून सांग, दवाखान्यातून सरोजिनीला सरळ माझ्याकडे आणून सोडा. मी शेजारी उभी राहून नको, नको म्हणेन. तू ऐकू नकोस.