दोन ग्लासांचा खोका

५ नोव्हें., मंगळवार
मोरजीहून फोन. रविवारी जेवायला या म्हणतात. घर बघा, माणसं बघा, मग काय ते ठरवा. म्हणजे आमची मेघा त्यांना पसंत. आता पाळी आमची. मेघाचं विचारायला नको, चहाचा कप उचलतानासुद्धा दुसऱ्या हातात फोन, पलीकडे त्यांचा मुलगा.

मुलगा शैलेश. बापाने, रमाकांतरावांनी, समुद्राजवळच्या घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्यात, त्या हा सांभाळतो. शिकलेला, बोलायला बरा. एकच गोष्ट गळ्याखाली उतरत नाही. उठल्यापासून निजेपर्यंत पर्यटकांत वावरणारा पोरगा, आणि सोयरीक सुचवणारा म्हणतो, "तोंडाक थेंब लायना." हा गेला होता का बघायला?

सौ. म्हणते मला सगळेच चोर दिसतात. दिसतातच. सुर्ल्याच्या खाणीवर वजनकाट्यावर जन्म काढला. खनिजावर पाणी मारून गाडी जड करणारे कमी पाहिले?

७ नोव्हें., गुरुवार
युक्ती सुचली. जाताना व्हिस्कीची बाटली भेट न्यायची. बाटली समोर आली की माणसाचं खरं तोंड दिसतं. कोण हात पुढे करतो, कोण मागे घेतो, कोण दुसरीकडे बघतो.

सौ.ला सांगितलं. ती दोडामार्गची, तोंडावर बोलणार. "लोकां पेढे न्हेतत, तुमी बाटली न्हेतलास? न पिणाऱ्या घराक?"
म्हटलं, पितात की नाही ते बाटलीच सांगेल.
"मगे देवान तुमका तोंड कित्याक दिला? सरळ इचारा मा."
सरळ विचारल्यावर सरळ उत्तर कोण देतो.

८ नोव्हें., शुक्र.
डिचोली बाजारात दुकानासमोरून दोनदा पुढे गेलो. ओळखीचं कोणी नाही असं बघून आत. मी आयुष्यात कधी घेतली नाही, आणि ह्या वयात कोणी बघितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सुर्ल्यात बातमी.

दुकानदार चष्मा वर करून म्हणाला, "कोणाक दिवपाची? पिवपी मनशाक काय दाखोवपी मनशाक?"
पिणाऱ्याला की मिरवणाऱ्याला, काय सांगणार. म्हटलं, सोयऱ्यांना.
"मागीर दोगांकय."
हसला. दोघांनाही म्हणजे? का हसला?

खालच्या फळीवरची आमचे ट्रकवाले घेतात ती. ती नेली तर अपमान. वरची परदेशी नेली तर मोरजीकर म्हणतील, आसामीकडे बरंच दिसतंय, आणि उद्या मागण्या सुरू. शिवाय परदेशी म्हणजे आत काय भरलंय देव जाणे. ह्या किनाऱ्यावर रिकाम्या बाटल्या जातात कुठे, हे कोणी विचारत नाही. मधली घेतली. बूच फिरवून बघितलं, उलटी करून बुडबुडे बघितले, उजेडात धरली. दुकानदार वैतागला. "मासळी न्हय ती, कल्ले उगडून पळोवपाक!"

मग एक खोका दाखवला. तीच बाटली, बरोबर दोन काचेचे ग्लास. हा माझ्या डोक्यात बसला. एक ग्लास बापाचा. दुसरा कोण उचलतो ते बघू.

१० नोव्हें., रविवार
आत्ताच परतलो. क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

घर छान. अंगण सारवलेलं, माणसं साधी. जेवणाआधी मी खोका पुढे केला. माझी नजर शैलेशवर. त्याने खोका बघितला, ग्लास बघितले, आणि रंग उतरला त्याचा. हात चटकन पाठीमागे. मी मनात म्हटलं, सापडला!

रमाकांतरावांनी खोका हातात घेतला. मग म्हणाले, "घरांत बाटली इली काय पयली राखणदाराची. चला समेस्त."

सगळे माडांच्या मागे, त्यांच्या जागेची राखण करणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या दगडाशी. आमच्याही शेताच्या कडेला तसा दगड आहे, वर्षातून एकदा रोट आणि दारू ठेवतो. पण आलेल्या भेटीचं बूच थेट तिथे उघडलेलं मी पहिल्यांदा बघितलं. शैलेश बाटली दोन बोटांनी धरून नेत होता, खेकडा धरावा तशी. एका ग्लासात टोपणभर ओतून दगडापुढे ठेवला. रमाकांतरावांनी चपला काढून गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं मोठ्याने घालायचं असतं, मनातल्या मनात चालत नाही. आणि उभे असतील त्यांनी प्रत्येक वाक्याला होकार द्यायचा.

"बा देवा राखणदारा म्हाराजा, आज सुरल्याचे सोयरे घराक इल्ले आसत!"
"व्हय म्हाराजा!"
"तेणीं हाडलां, तां पयलां तुका दिलां!"
"व्हय म्हाराजा!"
"ह्या माज्या झिलान सोरो पिवन घर बुडयल्ल्यान. मागीर तुज्या मुखार सोडल्यान. तेचो शबूद तू राख!"
"व्हय म्हाराजा!" शैलेशचा आवाज सगळ्यांत हळू.
"आनी सोयऱ्यांच्या मनांत कसलो दुबाव आसलो, तर तो काडून उडय!"
"व्हय म्हाराजा!"

दुबाव म्हणजे संशय, तो माझाच. हा शेवटचा होकार सर्वांत मोठा कोणाचा? सौ.चा! मी तोंड मिटून होतो. रमाकांतरावांनी माझ्याकडे एकदा बघितलं.

नंतर उरलेली बाटली आणि दुसरा ग्लास खोक्यात घालून माझ्याच हातात. "ह्या घरांत ती रावची ना. वायट मानून घेव नकात." जेवण चांगलं होतं. मला चव लागली नाही.

परत येताना सौ.वर चिडलो. गाऱ्हाण्यात होकार दिला म्हणजे आपणही बांधले गेलो, कळतं का तुला? ती म्हणाली, "बरां झाला."

११ नोव्हें., सोमवार
झोप नीट नाही. पीत होता. बापानेच सांगितलं. घर बुडवलं इतपत पीत होता, मग म्हणे राखणदारापुढे सोडली.
पण मग लपवलं का नाही? काट्यावर जो ड्रायव्हर आपणहून खाली उतरून "बघा, नीट बघा" म्हणायचा, त्याचीच गाडी मी दोनदा तोलायचो. एवढं उघड सांगणाऱ्याच्या पोटात आणखी काय असेल?

मेघाला सांगितलं, की हा असा असा निघाला.
ती भांडी लावत होती. "माका तेणें पयल्याच दिसा सांगलां."
मग मला का नाही सांगितलंस?
"तुमी इचारलां खंय, बाबा? तुमी बाटली घेवन गेलात."
वर म्हणाली, काल तो संध्याकाळभर खोलीबाहेर आला नाही म्हणे. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटलं. पण बाटली बघून ज्याची अशी गत होते, त्याला माझी मुलगी द्यायची? हा प्रश्न बापाने विचारायचा नाही तर कोणी?

बाटली माझ्या कपाटात, कपड्यांमागे. फेकायला जीव होत नाही, ठेवायला लाज वाटते.

१४ नोव्हें., गुरुवार
काल तुळशीचं लग्न. मेहुणा बाबल दोडामार्गहून आला होता, राहिला. आज दुपारी सहज कपाट उघडलं. बाटलीतली पातळी खाली गेलेली! मोरजीला टोपणभर ओतलं होतं, तेवढं धरूनसुद्धा.

बाबल? तो घेतो हे सगळ्या गावाला माहीत. पण कपाट माझ्या खोलीत.
सौ.ला विचारता येईना. तिचा भाऊ.
लेबलाच्या कडेला पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवली. जुनी सवय.

१६ नोव्हें., शनि.
बाबल कधीच गेला. रेघेखाली उतरली!
आणि खोक्यात ग्लास नाही.

म्हणजे घरातलंच माणूस. घरात आम्ही तिघं. मी नाही. सौ. चुलीशी वाकली असताना जवळ जाऊन वास घेतला. "काय झाला?" म्हटलं, काही नाही. "फोडणेचो वास येता मां?" हो म्हणालो.

मेघाचा विचार मनात आला आणि स्वतःचीच भीती वाटली. तो पिणारा, ती त्याच्याशी रोज बोलणार. नाही. असं लिहूसुद्धा नये. लिहिलं.

१७ नोव्हें., रवि.
मोरजीचा फोन. रमाकांतराव. "घाई ना. पूण बुधवारमेरेन उतर दिया. चेडो जेवणाक बसना." पोरगा जेवत नाही, उत्तर द्या म्हणतात. मग हळूच विचारलं, "ती बाटली कितें केली तुमी?"
का विचारलं? काळजीने की दुसऱ्या कशाने? म्हटलं, आहे कपाटात. आमच्या घरात कोण घेत नाही. बोललो आणि जीभ चावली. हेच वाक्य मी त्यांच्याबद्दल खरं मानलं नव्हतं.

१९ नोव्हें., मंगळ.
सापडला ग्लास.
सकाळी मोटर बंद करायला शेतात गेलो. राखणदाराच्या दगडापुढे, जास्वंदीचं फूल शेजारी, तोच खोक्यातला ग्लास. तळाशी थोडी. हुंगली. व्हिस्कीच. पाणी मिसळलेलं नाही, तेही बघितलं.

मागून मेघा टोपलीत फुलं घेऊन आली. पळाली नाही, दचकली नाही. बायकांनी ह्या दगडाकडे जायचं नाही असं आमची आई म्हणायची, तेवढंच माझ्या तोंडातून आलं.
"मगे कोणी वचपाचां? तुमी येयनात."
रोज?
"सकाळी. टोपणभर."
कोणासाठी? शैलेशासाठी?
"तो आपलां आपूण सांबाळता. तुमच्याखातीर, बाबा."
आणि काय मागतेस?
तिने खाली बघितलं. "बाबांच्या मनातलो दुबाव काड म्हणून. एकटीच म्हणटां. व्हय म्हणूक कोण ना."

मोटर तशीच चालू राहिली. वाफ्यात पाणी भरलं.

मेघावर राग नव्हता. माझी मुलगी पहाटेची उठून दगडापुढे माझं नाव घेऊन उभी राहते, आणि मी बाटलीवर रेघा मारत बसलो होतो. तरीसुद्धा, तरीसुद्धा मनात आहेच की तो पुन्हा प्यायला तर. लग्नानंतर, मूलबाळ झाल्यानंतर. तेव्हा काय करशील, हे विचारणारा मीच ना?

सौ. रात्री जेवताना म्हणाली, "उद्या बुधवार." एवढंच.

२० नोव्हें., बुधवार
उजाडताच बाटली काढली. बरीच उरलीय. फोन खिशात घेतला, मोरजीला तिथूनच करू म्हणून. काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं.

दगडापुढे ग्लास होताच. टोपणभर ओतली, थोडी मातीत गेली. चपला काढल्या. दव होतं. आजूबाजूला बघितलं, कोणी नाही. आयुष्यात मी कधी गाऱ्हाणं घातलं नाही. वडील घालत, मग काका, मग पैसे देऊन गावचा भटजी नाही तर गावचा मानकरी, गावकर. मी मागे उभा राहून व्हय म्हणायचो, तेही पुटपुटत.

मनात म्हटलं तर चालणार नाही. शब्द जुळवायला लागलो. पोराचा शब्द राख, असं म्हणावं? तर तो राखेल असं मी मानलं. माझा दुबाव काढ म्हणावं? आणि तो काढला, आणि उद्या काही वाईट झालं, तर? ह्याच दुबावाने आजवर घर सांभाळलं माझं. तो गेला तर मी कशाच्या आधाराने बघू माणसांकडे?

खिशात फोन वाजायला लागला. मोरजी. तसाच वाजू दिला.

शेवटी हात जोडून घसा मोकळा केला. "बा देवा राखणदारा म्हाराजा, हांव..." इथपर्यंत आवाज आला आणि पुढे अडला.

"व्हय म्हाराजा!"

पाठीमागून. दोघींचा. सौ. आणि मेघा माडाशी उभ्या होत्या, अनवाणी. कधी आल्या कळलं नाही.

मी अजून काहीच मागितलं नव्हतं.